सहा तासांत निम्मं

पाठीचं दुखणं हटेना, तेव्हा माझ्या कर्करोगतज्ज्ञांनी बोन स्कॅन करून घ्यायला सांगितलं. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार होऊन काही वर्षं लोटली होती. तो आजार उलटला तर पुष्कळदा हाडांत उलटतो, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे स्कॅनमध्ये काय निघेल याची धास्ती होतीच. पण घरात तिच्याइतकीच दुसरी धास्ती शिरली, ती इंजेक्शनची. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की किरणोत्सारी औषध शिरेतून दिलं जाईल. माझ्या धाकट्या जावेने थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलं होतं. तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, भेटायला कुणाला सोडत नव्हते, जेवण दाराशी ठेवून माणूस निघून जायचा. ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. त्यात सून गरोदर, आणि नातू दोन वर्षांचा, सारखा माझ्या कडेवर.

"काही होत नाही हो त्याने," असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण या वाक्याने माझी भीती तसूभरही हलली नाही. मला धीर आला तो आकडे समजल्यावर. आजारी माणसाला आकडे झेपत नाहीत, ही समजूत मला मुळीच पटत नाही. नीट सांगितले तर झेपतात, आणि मग माणूस स्वतःच्या डोक्याने ठरवू शकतो की कशाला घाबरायचं आणि कशाला नाही.

आदल्या दिवशी न्यूक्लिअर मेडिसिन विभागातून फोन आला. उपाशीपोटी यायची गरज नाही, नेहमीची औषधं घ्या, भरपूर पाणी प्या, पण वेळ चुकवू नका. वेळेचं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. मला वाटलं, गर्दी असेल. दुसऱ्या दिवशी कळलं की कारण गर्दीचं नव्हतं. माझ्या नावाने जे औषध भरून ठेवलं जाणार होतं, ते ठेवल्या जागी कमी होत जाणारं होतं.

हे मला समजावलं ते विभागातल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसर बाईंनी. मी फॉर्म भरताना सून गरोदर असल्याचं सांगितलं आणि एकामागून एक प्रश्न विचारायला लागले, तेव्हा त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "ताई, आधी नाव ऐका," म्हणाल्या. "तुम्हाला देणार ते टेक्नेशियम-९९एम. त्याचं अर्धायुष्य ६ तास. तुमच्या जाऊबाईंनी घेतलं ते आयोडीन-१३१, त्याचं अर्धायुष्य ८ दिवस. शिवाय ते दिलं होतं पेशी मारण्यासाठी, हे देतोय ते फक्त बघण्यासाठी." निम्मी भीती तिथेच उतरली. आमच्या घरात या दोन गोष्टी एकच समजल्या जात होत्या. आयोडीन-१३१ मधून बीटा कण निघतात, ते जवळच्या पेशींतच सगळी ऊर्जा ओततात, म्हणून तर ते उपचाराला चालतं. टेक्नेशियम-९९एम मध्ये अणूचं केंद्रक जास्तीची ऊर्जा बाळगून असतं आणि ती गॅमा किरणाच्या रूपात सोडून शांत होतं. हा किरण १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे किरणाच्या ऊर्जेचं माप). शरीराबाहेर पडून कॅमेऱ्यापर्यंत पोचेल इतका तो जोरकस असतो, आणि काही मिलिमीटर शिशाने अडवता येईल इतका मवाळ.

अर्धायुष्य म्हणजे काय, हे मी शाळेत पाठ केलं होतं: निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ. रदरफोर्डने १९०० साली थोरियमपासून निघणाऱ्या वायूवर प्रयोग करताना ही गोष्ट टिपली. त्या वायूची तीव्रता साधारण दर मिनिटाला निम्मी होत होती. पाठ केलेल्या व्याख्येत एक गोष्ट मात्र माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. अणू म्हातारा होत नाही. सहा तास टिकलेला टेक्नेशियमचा अणू आणि आत्ता तयार झालेला अणू, दोघांनाही पुढच्या सहा तासांत क्षय पावायची शक्यता सारखीच, निम्मी. कुठला अणू कधी जाईल हे कुणीच सांगू शकत नाही, पण कोट्यवधी अणूंचा हिशेब मात्र घड्याळ लावून सांगता येतो. औषध उकळा, गोठवा, त्यात काही मिसळा, या वेगात काडीचाही फरक पडत नाही.

मग सहा तासांत निम्मं होणारी वस्तू रुग्णालयात पोचते कशी? ती पोचत नाहीच, तिथेच काढतात. पोचतं ते मॉलिब्डेनम-९९, ज्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं. शिशाच्या जाड कवचात एक छोटी नळी असते, तिच्यात अॅल्युमिनाला, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या भुकटीला, हे मॉलिब्डेनम चिकटवलेलं असतं. त्याचा क्षय होऊन टेक्नेशियम बनत राहतं. वरून सलाईन सोडलं की तयार झालेलं टेक्नेशियम धुऊन खाली येतं, मॉलिब्डेनम आतच राहतं. या जनरेटरला तिथली मंडळी सर्रास गाय म्हणतात आणि सकाळच्या त्या कामाला धार काढणं. एकदा काढलं की पुन्हा पुरेसं साठायला सुमारे २३ तास लागतात, त्यामुळे रोज सकाळची वेळ अगदी जमून येते. ही युक्ती अमेरिकेतल्या ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरीत १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. मात्र आठवड्याभरात मॉलिब्डेनम स्वतःच मूळच्या सहाव्या हिश्शावर येतं, म्हणून नवा जनरेटर येत राहावा लागतो. आणि मॉलिब्डेनम बनतं ते मोजक्या अणुभट्ट्यांत. मे २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी बंद पडली आणि ऑगस्ट २०१० पर्यंत बंदच राहिली, तेव्हा जगभर रुग्णांचे स्कॅन पुढे ढकलावे लागले. औषध साठवून ठेवण्याचा मार्गच नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार! दूरच्या देशातली भट्टी थांबली की इथल्या कुणाचं तरी निदान लांबतं, या गोष्टीने मी खरंच हादरले.

वेळेबद्दलचा आग्रह आता मला उमगला. मला ७४० मेगाबेकरेल, म्हणजे जुन्या भाषेत २० मिलीक्युरी मात्रा द्यायची होती (दर सेकंदाला किती अणू क्षय पावतात त्याचं हे माप). मी दोन तास उशिरा गेले असते तर त्याच सिरिंजमध्ये ५८७ उरलं असतं. म्हणून प्रत्येक रुग्णाची मात्रा त्याच्या वेळेचा हिशेब करून भरतात, आणि दुपारच्या रुग्णाच्या सिरिंजमध्ये त्याच कुपीतलं द्रावण सकाळच्या रुग्णापेक्षा जास्त भरावं लागतं. मात्रा सारखीच, पण पाणी जास्त.

इंजेक्शनची खोली लहान होती. टेक्नॉलॉजिस्ट मुलगा शिशाचा छोटा डबा घेऊन आला. झाकण उघडलं तर आत सिरिंज, आणि सिरिंजवर टंगस्टनचं जाड आवरण, त्याला शिसेयुक्त काचेची एक अरुंद खिडकी. डब्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर माझं नाव, मात्रा आणि मोजल्याची वेळ. देण्याआधी त्याने ती मला वाचून दाखवली आणि नाव माझ्याच तोंडून वदवून घेतलं. खिडकीतून दिसत होतं ते पाण्यासारखं स्वच्छ, जेमतेम एक मिलिलिटर. ना रंग, ना चकाकी. "काकू, हात सैल सोडा," म्हणाला. सुई टोचली तेवढीच दुखली. औषध आत गेलं त्याची जाणीव काहीच नाही, ना गरम वाटलं, ना मळमळलं. मागून सलाईन सोडलं, रिकामी सिरिंज पुन्हा त्याच डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि तो लगेच चार पावलं मागे सरकला. ती रिकामी सिरिंज पुन्हा मोजतात, कारण तिच्यात उरलेलं वजा केल्यावरच मला खरोखर किती मिळालं ते कळतं.

तो मागे सरकला ते पाहून मनात चर्र झालं. पण त्याच्या खिशाला लावलेला, अंगावर पडणारे किरण मोजणारा बॅज दिसला आणि विचार केला. मला हे वर्षा-दोन वर्षांतून एकदा घ्यायचं असेल, तो मात्र दिवसभर एकामागून एक रुग्णांना देतो. त्याच्यासाठी तीनच गोष्टी हातात असतात: वेळ कमी ठेवणं, अंतर वाढवणं आणि मध्ये शिसं किंवा टंगस्टन ठेवणं. १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण निम्मे करायला पाव मिलिमीटरच्या आसपास शिसं पुरतं, त्यामुळे सिरिंजवरचं ते आवरण दिखाव्यापुरतं नसतं. तो घाईने मागे सरकला हे त्याचं काम नीट केल्याचंच लक्षण होतं. रुग्णाने ते मनाला लावून घेऊ नये.

इंजेक्शननंतर तीन तास थांबायचं होतं. टेक्नेशियमला हाडांचं काही विशेष नाही, त्याला हाडापर्यंत नेतो तो त्याच्याशी जोडलेला एमडीपी नावाचा फॉस्फोनेट, एक रासायनिक संयुग. जिथे नवं हाड घडतंय तिथल्या खनिजाला तो जाऊन चिकटतो. तेवढा वेळ द्यावा लागतो, आणि न चिकटलेलं औषध रक्तातून मूत्रपिंडांवाटे निघून जाऊ द्यावं लागतं, नाहीतर चित्र गढूळ येतं. म्हणून पाणी पीत राहायचं आणि लघवीला जात राहायचं. त्यासाठी इंजेक्शन घेतलेल्यांचं स्वच्छतागृह वेगळं होतं. बसूनच करा, दोनदा पाणी सोडा, हात नीट धुवा, हे दारावर लिहिलेलं होतं.

थांबायची खोलीही फक्त इंजेक्शन घेतलेल्यांची. तिथे बसून मी पेन काढून हिशेब करत राहिले. ७४० मेगाबेकरेल म्हणजे माझ्या शरीरात दर सेकंदाला ७४ कोटी अणू क्षय पावत होते. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्या सगळ्या औषधात टेक्नेशियम-९९एम होतं किती? सुमारे २३ लाख कोटी अणू, आणि वजनात मोजलं तर ४ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे एक अब्ज भाग केले तर त्यातले चार. इतक्या थोड्या पदार्थाचा शरीरावर औषध म्हणून कसलाच परिणाम होत नाही, तो फक्त कुठे गेला ते सांगतो. जॉर्ज हेवेशीने १९२३ मध्ये किरणोत्सारी शिसं घालून घेवड्याच्या रोपात ते मुळांतून पानांपर्यंत कसं चढतं ते पाहिलं, तेव्हापासूनची ही ट्रेसरची, म्हणजे माग दाखवणाऱ्या पदार्थाची कल्पना. पुढे रसायनशास्त्राचं १९४३ चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. रोपाला न दुखवता त्याच्या आतला प्रवास पाहायचा, एवढंच त्याला हवं होतं. आज माझ्या बाबतीत तेच चाललं होतं.

पुढचा हिशेब सोपा. ६ तासांनी ३७० मेगाबेकरेल, १२ तासांनी १८५, २४ तासांनी ४६, ४८ तासांनी ३ च्या आत. ६० तासांत दहा अर्धायुष्यं होतात, म्हणजे मूळच्या १,०२४ व्या भागाइतकंच उरतं. हे झालं अणूंच्या क्षयाचं. शरीर स्वतः जे बाहेर टाकतं ते वेगळं. बोन स्कॅनच्या औषधाचा साधारण निम्मा भाग पहिल्या दिवसातच लघवीवाटे जातो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, म्हणून शरीरातलं खरं प्रमाण कागदावरच्या आकड्यापेक्षा नेहमीच लवकर उतरतं. याला परिणामी अर्धायुष्य म्हणतात. ते भौतिक अर्धायुष्यापेक्षा कमीच असतं, जास्त कधीच नाही. समजा शरीर एखादा पदार्थ सहा तासांत निम्मा बाहेर टाकतं आणि त्याचं भौतिक अर्धायुष्यही सहा तासांचं आहे, तर तो तीनच तासांत निम्मा होतो. पाण्याचा पेला हातात असताना हे समजलं आणि तो पेला मी मोठ्या श्रद्धेने संपवला. अणूंच्या वेगावर माझं काही चालत नव्हतं, पण या दुसऱ्या वाटेला माझी मदत होऊ शकत होती. मूत्राशयाला बसणारा डोस तर त्याने सरळ कमी होतो.

माझ्या मनात एक शंका मात्र उरली होती. टेक्नेशियम-९९एम क्षय पावून शेवटी होतं काय? उत्तर आहे टेक्नेशियम-९९, आणि त्याचं अर्धायुष्य आहे २ लाख ११ हजार वर्षं. हे ऐकून कुणीही दचकेल. मी दचकलेच. बाईंनी शांतपणे कॅल्क्युलेटर पुढे केला. अर्धायुष्य जितकं लांब, तितके दर सेकंदाला क्षय पावणारे अणू कमी. माझ्या सुईतले ते २३ लाख कोटी अणू सगळेच्या सगळे शरीरात राहिले असं धरलं, तरी त्यांच्यापासून दर सेकंदाला अडीचच्या आत क्षय होतील. ७४ कोटींवरून अडीच! आणि आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अन्नातून येणाऱ्या पोटॅशियममधलं किरणोत्सारी पोटॅशियम-४० जन्मभर असतं, त्याचे प्रौढ माणसात दर सेकंदाला सुमारे ४,००० क्षय होत असतात. लांब अर्धायुष्य म्हणजे जास्त धोका, ही माझी पक्की समजूत होती. त्या कॅल्क्युलेटरवर ती पार उलटी झाली.

स्कॅनआधी पुन्हा लघवीला जाऊन यायला सांगितलं, कारण भरलेलं मूत्राशय ओटीपोटाची हाडं झाकून टाकतं. मग अरुंद टेबलावर उताणं झोपायचं, हात पट्ट्याने अंगालगत बांधलेले. कॅमेऱ्याची चौकोनी सपाट तबकडी चेहऱ्यापासून काही सेंटिमीटरवर येते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी आधीच सांगावं, डोळे मिटून घ्यायला सांगतात. मी उघडेच ठेवले. त्या यंत्रातून कुठलेच किरण निघत नाहीत, किरण माझ्यातून निघत होते. गॅमा कॅमेरा फक्त ते झेलतो. शिशाच्या जाड पत्र्यात हजारो बारीक भोकं, त्यांतून सरळ येणारे किरण आतल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर पडतात, प्रत्येकाची एक सूक्ष्म ठिणगी उमटते, त्या ठिणग्यांच्या जागा मोजून चित्र बनतं. हॅल अँगर या अमेरिकी अभियंत्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा कॅमेरा घडवला. यंत्र जवळ आणलं की धोका वाढेल असं वाटतं, प्रत्यक्षात ते जितकं जवळ तितकं चित्र स्वच्छ. अर्धा तास हलायचं नाही, एवढीच शिक्षा. पाठ दुखत असणाऱ्याला ती मोठीच असते, गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी.

टेबलावरून उतरल्यावर पडद्यावर माझा सांगाडा पाहिला. ठिपक्याठिपक्यांचा, पांढऱ्यावर काळा. मूत्राशय काळंभोर, कोपरात सुई टोचली तिथे एक ठिपका, आणि कमरेच्या मणक्यांपाशी एक गडद जागा. ती पाहून पोटात गोळा आला. पण गडद दिसणं म्हणजे कर्करोग नव्हे. जिथे हाड दुरुस्तीचं काम जोरात चालू आहे तिथे औषध जास्त साठतं, मग कारण मोडलेलं हाड असो, झिजलेला सांधा असो की गाठ. शंका राहू नये म्हणून तेवढ्या भागाचा स्पेक्ट-सीटी काढला, म्हणजे गॅमा कॅमेऱ्याचं चहूबाजूंनी घेतलेलं चित्र आणि सीटी स्कॅन एकत्र. त्यात क्ष-किरणांची थोडी भर पडते, हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग विचारलं. पुढे अहवाल आला: मणक्यांच्या सांध्यांची झीज, आजार उलटल्याची खूण नाही.

एकूण डोस किती बसला, हेही मी विचारून घेतलं. बोन स्कॅनचा साधारण ४ मिलिसिव्हर्ट (शरीराला बसलेल्या किरणांच्या डोसचं हे माप). जमिनीतून, हवेतून, अवकाशातून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे दोन वर्षांत निसर्गाकडून मिळतात त्याहून थोडे कमी, एका सकाळी. हा शून्य नाही, आणि शून्य असल्यासारखं कुणी बोलू नये असं मला मनापासून वाटतं. विनाकारण, नुसतं एकदा बघून घेऊ म्हणून हा स्कॅन करू नये. पण माझ्यापुढे होता तो प्रश्न मोठा होता, आणि त्याच्या उत्तरासाठी ४ मिलिसिव्हर्ट मी आनंदाने दिले असते, तसे दिले.

घरच्यांसाठी सूचना अगदी साधी होती. त्या दिवशी नातवाला मांडीवर घेऊन बसायचं नाही आणि सुनेच्या अगदी लगत तासन् तास बसायचं नाही. एका खोलीत वावरायला, एका टेबलाशी जेवायला, बोलायला काही हरकत नाही. वेगळी खोली, वेगळी ताटली यांची गरज नाही. अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथ्या हिश्शावर येते, त्यामुळे सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसण्यानेही फरक पडतो. इंजेक्शन सकाळी दहाला होतं, म्हणजे रात्री दहाला क्षयानेच चौथा हिस्सा उरला होता, बाकी लघवीवाटे गेलं ते वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी नातू कडेवर आला आणि सुनेने त्याला अडवलं नाही, कारण आकड्यांचा कागद तिने रात्रीच वाचला होता. रुग्णच गरोदर असेल, किंवा बाळाला अंगावर पाजत असेल, तर मात्र हे इंजेक्शनच्या आधी, वेळ ठरवतानाच सांगायला हवं, कारण तेव्हा स्कॅन पुढे ढकलायचा की दुसरी तपासणी करायची हे ठरवता येतं. लगेच प्रवासाला जाणाऱ्यांनी विभागाकडून पत्र घ्यावं. काही विमानतळांवरची उपकरणं इतकी संवेदनशील असतात की पुढचे काही दिवस ती वाजू शकतात.

अलीकडे एका मैत्रिणीला पेट (PET) स्कॅन, किरणोत्सारी औषधाचाच दुसरा एक स्कॅन, सांगितला, तेव्हा तिने मला फोन केला. तिचं औषध वेगळं, फ्लोरीन-१८ जोडलेलं ग्लुकोजसारखं, अर्धायुष्य ११० मिनिटं. सकाळी घेतलं तर संध्याकाळपर्यंत नगण्य. पण त्याचे किरण ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे, निम्मे करायलाच ४ मिलिमीटरहून जास्त शिसं लागतं, म्हणून तिथे भिंती जाड आणि पहिले काही तास अंतर जास्त. माझे आकडे तिला जसेच्या तसे लागू नव्हते, हे तिला आधी सांगितलं. कोणता समस्थानिक, म्हणजे कुठला किरणोत्सारी अणू, किती मात्रा, इंजेक्शन किती वाजता, आणि घरातल्या लहान मुलापासून किती वेळ लांब राहायचं, हे विभागात विचारून घे म्हटलं. तिची नात सहा महिन्यांची आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला तासांत, कागदावर लिहून मिळालं.